गुलमोहर चटकन, चिप्पी अडखळत

ट्रॉम्बेत पूर्वी झाडाचं नाव हवं असलं की आधी माणूस गाठावा लागे. तोही कुठलाही चालत नसे. खाडीकडचं झाड असेल तर कोळीवाड्यातून पाटी घेऊन येणारी मासळीवाली मावशी, कॉलनीच्या रस्त्याकडेचं असेल तर माळीकाका, डोंगराच्या उतारावरचं असेल तर सरपणाची मोळी घेऊन उतरणाऱ्या बायका, आणि लॅटिन नाव हवं असेल तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या बॉटनीवाल्या काकू. प्रत्येकाची हद्द ठरलेली. माळीकाकांना तिवराबद्दल विचारलं तर खुरपं न थांबवता ते म्हणायचे, "ते खाजणातलं. आपल्याकडे नाही ते." आणि मावशीला गुलमोहर दाखवला तर ती मान उडवून म्हणायची, "ते सायबांचं झाड. त्याला काय लागतं तरी?" ज्याला खाण्यासारखं, जाळण्यासारखं किंवा औषधाला लावण्यासारखं काही लागत नाही, त्याला नाव कशाला हवं, हा तिचा सरळ हिशोब होता.

आता खिशातून फोन काढायचा, पानावर धरायचा, की नाव हजर. सकाळी फिरायला निघणाऱ्या आमच्या टोळक्यात हे वेड आलं तेव्हा पहिले काही दिवस कुणी धड चाललंच नाही. दर चार पावलांवर कुणीतरी थांबलेलं, फोन झाडाला लावलेला. रक्तदाबवाल्यांना डॉक्टरांनी सांगितलेली चाल बाजूला राहिली आणि कॉलनीतलं एकूण एक झाड बारशाला बसलं.

ट्रॉम्बे म्हटलं की मुंबईकराला दोनच गोष्टी आठवतात: बेस्टच्या बसवरची पाटी आणि अणुभट्टी. प्रत्यक्षात ही जागा झाडांच्या दृष्टीनं मोठी मजेची आहे. एका अंगाला सुमारे तीनशे मीटर उंचीचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि तिच्या काठची खाजणं, मधे अणुशक्तीनगरची आखीव वसाहत, टोकाला कोळीवाडा नि धक्का. डोंगरावर पानगळीच्या जंगलाची झाडं, खाडीत खाऱ्या पाण्यातली, आणि वसाहतीत जगभरातून आणून लावलेली. पायी अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत ही तीन वेगळी राज्यं. 1954 मध्ये अणुऊर्जेचं केंद्र इथं उभं राहायला लागलं, 4 ऑगस्ट 1956 रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'ही त्याच वर्षीचं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमच्या काकूंच्या कपाटात ते पुस्तक असायचं आणि काकांच्या टेबलावर रिअ‍ॅक्टरचे कागद, त्यामुळे मला ती दोन्ही एका घरातली वाटत आली आहेत.

होमी भाभांचं झाडांचं वेड आमच्या लहानपणी दंतकथेसारखं सांगितलं जाई. बांधकामाच्या आड येणारं झाड तोडायचं नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं, हा त्यांचा हट्ट. भाभा 1966 मध्ये गेले, पुढच्याच वर्षी केंद्राला त्यांचं नाव मिळालं. वसाहतीच्या रस्त्यांवर आज जी सावली आहे तिच्यात त्या हट्टाचा वाटा आहे असं जुने लोक मानतात. अर्थात सावलीची गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. शेजारची जनता कॉलनी 1976 मध्ये पाडली गेली आणि हजारो माणसांना चीता कॅम्पात हलवलं गेलं. तिथल्या गल्ल्यांत झाडाला जागा अशी नव्हतीच. तरी दाराशी रॉकेलच्या डब्यात तुळस, नळाच्या सांडपाण्यावर शेवगा नि पपई, आणि जिथं जरा मोकळं सापडलं तिथं बदाम, अशी झाडं लोकांनी वाढवलीच. त्या झाडांची नावं कुणाला विचारावी लागत नसत. शेवगा पोटात जात होता.

मासळीवाली मावशी आमच्याकडे बोंबील, कोलंबी आणि कधी चिंबोऱ्या घेऊन यायची. आई भाव करायची, आम्ही पाटीभोवती. तिच्या बोलण्यातून खाडीतली झाडं आमच्या घरात आली. तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी, हुरी. तिवराच्या पानाला जीभ लावायला तिनंच शिकवलं. पानावर खरोखर मीठ असतं. झाड मुळांवाटे आलेलं जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. मारांडीची पानं काटेरी आणि फुलं निळी-जांभळी, देखणी. तिच्यात पाय घालू नको म्हणून तिनं बजावलं होतं. हुरीचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, असं ती इतक्या गंभीरपणे सांगायची की आम्ही खाडीकडे जाताना डोळे किलकिले करून जायचो. पुढं पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं की तिनं तसूभरही वाढवून सांगितलं नव्हतं.

तिच्या सासऱ्यांच्या काळात जाळी सुताची असत आणि ती खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगवत. नायलॉन आलं आणि साल गेली. मावशीला ऐनाच्या सालीचा रंग ठाऊक होता, तिच्या पाण्यानं हात कसे तपकिरी होतात ते ठाऊक होतं, साल कुठल्या बाजारातून येई तेही ठाऊक होतं. उभं ऐनाचं झाड मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं.

शाळेत पानांची वही करायची असे. त्या काळातही झाडं ओळखायला टेलिफोन लागायचाच, म्हणजे टेलिफोनची डिरेक्टरी. बॉम्बे टेलिफोन्सचा तो जाडजूड ठोकळा पानं दाबायला जगात सगळ्यात चांगला. कागद पातळ, ओल शोषणारा, आणि वजन भरपूर. बदामाचं पान जाड, ते दाबलं की तपकिरी डाग चार-पाच पानं खाली उतरे आणि मग कुणाचा तरी नंबर वाचता येत नसे. गुलमोहराचं पान तर वहीसाठी कुचकामाचं. दुसऱ्या दिवशी उघडावं तर बारीक पर्णिका सगळ्या देशपांड्यांच्या यादीवर सांडलेल्या आणि हातात नुसता देठ. पिंपळाचं पान पाण्यात कुजवून जाळी करायची, त्याचा वास घरभर. शिरीषाच्या शेंगा चिकट, त्या पायानं चेंदून चेंडू करायचा. गुलमोहराच्या कळ्या फोडून पुंकेसर काढायचे, त्यांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायचं, ज्याचं डोकं तुटलं तो कोंबडा हरला. असल्या उद्योगात झाडाचं नाव दुय्यम असे.

वही पुरी झाली की खरी अडचण. पानाखाली नाव लिहायचं. मग काकूंकडे मोर्चा. काकूंनी पुण्याला बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि लग्नानंतर त्या विद्येचा उपयोग फक्त आम्हा कॉलनीच्या पोरांना होता. त्या नाव सांगायच्या नाहीत, प्रश्न विचारायच्या. पानं समोरासमोर होती की एकाआड एक? देठ मोडल्यावर चीक आला का? चुरगळल्यावर वास? खोडाला काटे होते? आम्ही पान तोडून आणलेलं, फांदी कुणी बघितली होती? परत जा, बघून या. संध्याकाळी पुन्हा त्यांच्या दारात. त्यातून त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य: "फुलं येऊ दे, मग सांगते."

पाण्याच्या टाकीजवळ एक झाड होतं, तीन-तीन पर्णिकांच्या पानांचं. शेजारच्या आजी श्रावणी सोमवारी त्याची पानं बेल म्हणून शंकराला वाहत. काकूंना ते पटेना. बेलाचं पान चुरगळलं की वास येतो, याला येत नाही. बेलाला काटे, हे बिनकाट्यांचं. पण नाव सांगायला त्यांनी फुलांची वाट पाहिली. उन्हाळ्याच्या तोंडावर झाड फुललं, आधी पांढरी नि मग पिवळट होत जाणारी फुलं, लांब लांब पुंकेसर बाहेर आलेले, सगळं झाड जणू मिशांचं. वायवर्ण. काकूंनी वर जाऊन आजींना सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शंकराला इतकी वर्षं चाललं, तुला का चालत नाही?" पुढच्या श्रावणातही तीच पानं वाहिली गेली. वायवर्ण हे नाव मात्र त्या भांडणासकट माझ्या डोक्यात पक्कं बसलं, ते आजही हललेलं नाही.

पुस्तकं होती, नव्हती असं नाही. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुरा झाला. तो ग्रंथालयातच बघायचा. ब्लॅटर आणि मिलार्ड यांचं भारतातल्या सुंदर झाडांवरचं, रंगीत चित्रांचं पुस्तक 1937 चं. फादर सांतापाव यांचं सामान्य झाडांवरचं छोटं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं 1966 मध्ये काढलं, ते परवडण्यासारखं होतं. मराठीत पुढं डॉ. शरदिनी डहाणूकरांचं 'वृक्षगान' आलं, श्री. द. महाजनांची देशी आणि विदेशी वृक्षांवरची पुस्तकं आली. डहाणूकरांची पुस्तकं वाचून मुंबईतल्या कितीतरी बायका-पुरुषांनी पहिल्यांदा मान वर करून झाडाकडे पाहिलं असेल. पण पुस्तकाची एक अट असते: झाडाचं नाव आधीच थोडंफार माहीत असावं लागतं, नाहीतर कुठलं पान उघडायचं? ज्याला बेल माहीत आहे तोच वायवर्णापर्यंत पोचतो. ज्याला काहीच माहीत नाही त्याला पुस्तक म्हणजे बंद दार.

आणि हेही स्पष्ट सांगायला हवं, की जुन्या काळी सगळ्यांना झाडं कळत होती हा निव्वळ भ्रम आहे. आमच्या इमारतीत डॉक्टरेट केलेले शास्त्रज्ञ राहत. त्यांना युरेनियमचे सगळे समस्थानिक तोंडपाठ; खिडकीबाहेरच्या झाडाला ते 'ते मोठं झाड' म्हणत. काकू खालच्या मजल्यावर होत्या म्हणून मला चार नावं कळली. शेजारच्या इमारतीत काकू नव्हत्या, तिथली पोरं वहीत 'जंगली झाड' असं लिहून मोकळी झाली. चीता कॅम्पातल्या मुलाला तर काकूंच्या दारापर्यंत यायलाही फाटकावरच्या पहारेकऱ्याला उत्तर द्यावं लागलं असतं. ज्ञान होतं, पण ते ओळखीच्या माणसांत फिरत होतं.

अ‍ॅपनं ती ओळखीची अट मोडली, हा त्याचा मोठा गुण. याची सुरुवात 2011 च्या सुमारास झाली. अमेरिकेतल्या कोलंबिया आणि मेरीलँड या विद्यापीठांनी स्मिथसोनियन संस्थेबरोबर 'लीफस्नॅप' काढलं. पांढऱ्या कागदावर पान ठेवायचं, फोटो काढायचा, पानाच्या कडेच्या आकारावरून झाड ओळखायचं. आमच्या डिरेक्टरीचीच पुढची पायरी म्हणायची. पण ते होतं अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या झाडांसाठी. मग फ्रान्सच्या संशोधन संस्थांचं 'प्लांटनेट' आलं. त्यात फोटो पानाचा, फुलाचा, फळाचा की खोडाचा हे सांगायची सोय. कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून 2008 मध्ये जन्मलेल्या 'आयनॅचरलिस्ट'नं 2017 मध्ये यंत्राकडून नाव सुचवायला सुरुवात केली, त्याच वर्षी 'गूगल लेन्स' आलं. आपल्याकडे 2016 च्या अखेरीपासून मोबाइलचा डेटा स्वस्त झाला होताच. योग जुळून आला.

हे यंत्र काकूंसारखं प्रश्न विचारत नाही. पानं समोरासमोर की एकाआड एक, याच्याशी त्याला थेट देणंघेणं नाही. लोकांनी नावासकट दिलेले लाखो फोटो त्याला दाखवलेले असतात. तुमचा फोटो त्यातल्या कुठल्या ढिगाशी जास्त जुळतो ते ते बघतं आणि जुळण्याच्या क्रमानं यादी देतं. ते 'हे झाड अमुक आहे' असं म्हणतच नाही, 'अमुकसारखं दिसतं' एवढंच म्हणतं. आपण यादीतलं पहिलं नाव वाचतो आणि फोन खिशात टाकतो, हा आपला दोष.

कॉलनीच्या रस्त्यावर त्याची परीक्षा घेतली तर गडी पैकीच्या पैकी गुण घेतो. गुलमोहर, चटकन. मादागास्करचं झाड, मुंबईत शिवडीला 1840 च्या सुमारास पहिल्यांदा लावलं गेलं असं सांगतात, म्हणजे आमच्या समोरच्याच किनाऱ्यावर. सोनमोहर, चटकन. शिरीष म्हणतो तो पर्जन्यवृक्ष, मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा, चटकन. कैलासपती, तोही अमेरिकेचा. खोडावर लोंबणारे तोफगोळे बघून फोनला क्षणभरही विचार करावा लागत नाही. खोटा अशोक, सप्तपर्णी, तामण, बहावा, सगळे पहिल्या झटक्यात. इमारतीचा वॉचमन, उत्तर प्रदेशातला तरुण, दुपारच्या सुस्त वेळेत कंपाउंडमधली झाडं ओळखत बसतो आणि संध्याकाळी मला ऐकवतो. सप्तपर्णीला पावसाळ्यानंतर रात्री जो उग्र वास सुटतो, त्यानं त्याचं डोकं दुखायचं. आता दुखतं ते कुणामुळे, हे त्याला नावानिशी ठाऊक आहे. माळीकाकांनी त्याला हे सांगितलं असतं का? माझी शंका आहे. वॉचमनशी ते बोलत नसत.

मग मी खाडीवर गेले. धक्क्याजवळ मासळीवाल्या मावशीचा नातू भेटला. तो नोकरी करतो, होडी चुलत्याकडे. फोन त्याचाच, माझ्यापेक्षा भारी. पाण्याच्या कडेला चिप्पी उभी होती. पानं जाड, गोलसर, समोरासमोर, फुलं नव्हती. चिप्पीचं फूल रात्री उमलतं, पांढऱ्या केसरांचा झुबका, आणि सकाळी गळून चिखलात पडतं. वटवाघळं आणि पतंग त्यावर येतात. ते असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. नातवानं फोन धरला. यादी आली. वर बागेतली दोन झुडपं, त्यातलं एक कुंपणाला लावतात ते. चिप्पी तिसरी. मग तिवरावर धरला. तिवर आहे एवढं फोननं ओळखलं, पण तिवराच्या दोन जातींत गडबडला. एकीच्या पानाचं टोक निमुळतं, दुसरीचं गोलाकार आणि फुलं मोठी. फोटोत टोक आलंच नव्हतं. कांदळावर मात्र तो चुकला नाही, कारण खोडातून कमानीसारखी उतरणारी मुळं आणि झाडावरच रुजून लोंबणारी लांबट बीजं दुसऱ्या कुणाला नसतात तशी.

मला खटकलं ते निराळंच. "चिप्पी," असं नातू फोन काढायच्या आधीच म्हणाला होता. त्याला ते आजीकडून ठाऊक होतं. यादीत ते तिसरं आलं तेव्हा तो स्वतःच साशंक झाला. "आमी चिप्पी बोलतो, पण खरं नाव दुसरं असंल," असं तो म्हणाला. महाराष्ट्र सरकारनं 2020 मध्ये ज्या झाडाला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला ती हीच पांढरी चिप्पी. तिच्या बुंध्याशी ज्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधल्या, त्या घराण्यातला शिकलेला मुलगा यंत्राच्या तिसऱ्या क्रमांकामुळे आजीच्या नावावर शंका घेतो, हे मला झेपलं नाही. मी त्याला सरकारी निर्णयाचं सांगितलं. त्यानं लगेच फोनवर शोधून खात्री केली!

डोंगराचंही तेच. उतारावरचा कुडा फुलला असेल तर फोन ओळखतो. पावसाळ्यात नुसती पानं असली की दहा झाडं सुचवतो. काटेसावर बोंडांवरून ओळखतो, काट्यांच्या खोडावरून अडखळतो. आपट्याचं तर विचारू नका. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात, आणि नुसत्या जोडपानाच्या फोटोवरून या भावंडांमधला फरक फोनलाही सांगता येत नाही. आपट्याचं पान आखूड आणि रुंद, कांचनाचं मोठं नि खाच खोल, हे डोळ्याला सवयीनं कळतं. सोनं म्हणून कुणी काहीही देवो, आधी पान उलगडून बघा.

लहानपणी खाडीचं नि डोंगराचं झाड नावानं हाक मारण्यासारखं होतं आणि रस्त्यावरचं परदेशी झाड बिननावाचं, 'साहेबांचं'. आता हद्दी उलट्या झाल्या. मादागास्कर आणि ब्राझीलची झाडं फोनला तोंडपाठ, आणि ठाण्याच्या खाडीतलं, ट्रॉम्बेच्या उतारावरचं झाड अडखळत. कारण गूढ नाही. यंत्र फोटोंवर पोसलेलं. गुलमोहर जगातल्या प्रत्येक उष्ण शहरात लावला, मियामीत नि सिंगापुरात त्याचे फोटो लाखांनी निघाले. चिप्पीजवळ जायला चिखलात गुडघाभर उतरावं लागतं. तिथं उतरतात ते कोळी, आणि ते मासे धरायला उतरतात, फोटो काढायला नव्हे. आमच्या डोंगराचा मोठा भाग तर केंद्राच्या कुंपणाआड. तिथं जंगल चांगलं राखलेलं आहे, पण फाटकाच्या आत कॅमेऱ्याचा फोन नेता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं ते रास्तच. परिणाम एवढाच की ट्रॉम्बेतलं सगळ्यात जुनं रान अ‍ॅपच्या लेखी कोरं आहे.

फोटोत मावत नाही असंही बरंच आहे. निर्गुडीचा वास, बेलाचा वास, हुरीचा चीक, तिवराच्या पानावरचं मीठ. काकूंची निम्मी परीक्षा नाकानं चालायची. अ‍ॅपला नाक नाही, म्हणून त्याच्या भरवशावर कुठलंही पान, फळ किंवा बी तोंडात घालू नये, आणि कुणाला औषध म्हणून तर मुळीच देऊ नये. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून 2015 मध्ये आणि रामसर पाणथळ म्हणून 2022 मध्ये मान झाल्यापासून हौशी मंडळी खाडीवर वाढली आहेत. त्यांच्या मुलांना हुरी कुठली हे फोनआधी एखाद्या कोळ्यानं दाखवलेलं बरं.

तरीही मी अ‍ॅपच्या बाजूनं आहे. आमच्या काकूंनी जे सांगितलं ते त्यांच्याबरोबर गेलं. त्यांनी वायवर्ण कुठं पाहिला, कधी फुलला, याची नोंद कुठंच नाही. टाकी वाढवताना ते झाड गेलं, तेही फक्त मला आठवतं. उलट 2010 नंतरच्या काही वर्षांत पिठ्या ढेकणानं मुंबईभर पर्जन्यवृक्ष वाळायला लागले तेव्हा लोकांकडे फोन होते, तारीखवार फोटो होते, आणि कुठलं झाड केव्हा वाळलं हे दाखवता आलं. महापालिकेच्या 2018 मध्ये पुऱ्या झालेल्या गणनेत मुंबईत 29,75,283 झाडं निघाली. एवढ्या झाडांवर लक्ष ठेवायला माळी पुरणार नाहीत, काकू तर नाहीतच. पूर्वी झाडावर नावाची पत्र्याची पाटी ठोकत, चार खिळे मारून. ओळख करून द्यायची आणि त्याच हातानं जखमही. 'खिळेमुक्त झाडं' म्हणून ठिकठिकाणी मोहिमा निघाल्या तेव्हा त्यातले बरेचसे खिळे उपटले गेले. फोन निदान खिळा मारत नाही.

विक्रोळीच्या गोदरेजनं काही वर्षांपूर्वी फक्त कांदळवनातल्या झाडांसाठी एक अ‍ॅप काढलं, मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. कल्पना योग्य दिशेची होती: यंत्राला घरचं शिकवायचं तर घरच्यांनीच शिकवावं लागतं. आयनॅचरलिस्टवर हे कुणालाही करता येतं. तिथं तुम्ही टाकलेल्या फोटोला दुसरी माणसं नाव सुचवतात, आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं जातीवर एकमत झालं की ती नोंद संशोधनाच्या कामाची ठरते. म्हणजे यंत्राच्या मागं शेवटी माणसंच बसली आहेत, वाद घालत, काकू नि आजींसारखी. आणि स्थानिक भाषेतलं नाव जोडायचीही तिथं सोय आहे.

म्हणून ट्रॉम्बे, मानखुर्द, देवनार, विक्रोळी, मुलुंड, खाडीकाठच्या कुणाही वाचकाला माझी विनंती आहे. गुलमोहराचे फोटो पुष्कळ झाले, ते आता पुरे. पुढच्या वेळी फोन काढाल तो चिप्पीसाठी, हुरीसाठी, कुड्यासाठी, वायवर्णासाठी काढा. एक फोटो फांदीचा काढा, पानं कशी लागली आहेत ते दिसेल असा. एक पानाच्या टोकाचा, एक पानाच्या पाठीचा, एक खोडाचा, आणि फुलं असली तर त्यांचा आधी. फुलं नसतील तर ती येईपर्यंत थांबा, काकू थांबत तसं. जवळ कोळी बाई-बाप्या असेल तर तिथं त्या झाडाला काय म्हणतात ते विचारा, आणि ते नाव मराठीत टाका. मावशीच्या नातवाकडून मी चिप्पीची नोंद करून घेतली आहे, फुलासकट. ते फूल घ्यायला तो पहाटे, ओहोटीला, स्वतः उतरला होता.